डायरी तुमची, अर्ज त्याचा

प्रश्न : अंबड एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेच्या ब्लोअरसाठी चोकअप न होणारं नोझल मी तयार केलं. निफाडच्या चार बागायतदारांना काही नगही दिले. ज्या फॅब्रिकेटरला ड्रॉइंग दिलं होतं, त्यानेच पेटंटचा अर्ज केला आणि तो आता प्रसिद्ध झालाय. माझ्या डायरीत त्याच्या अर्जाआधीच्या तारखा आहेत. त्या चालतील का?

उत्तर : नुसत्या तारखांवर नाही. आपल्याकडे ज्याचा अर्ज आधी, त्याची तारीख आधी. आधी कोणी शोधलं यावर डायऱ्या काढून भांडणं अमेरिकेत चालायची. तिथेही १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना ती सोय नाही.

पण अर्जाचा हक्क पेटंट कायद्याचं कलम ६ ‘खऱ्या आणि पहिल्या शोधकाला’ किंवा त्याच्याकडून हक्क घेतलेल्याला देतं. दुसऱ्याचं उचलणारा त्यात बसत नाही. म्हणून सिद्ध करायचं ते एवढंच, की नोझल तुमच्याकडून त्याच्याकडे गेलं. त्यासाठी ड्रॉइंगचा ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल, जॉबवर्कचं चलन डायरीपेक्षा मोलाचं. तुमची मापं आणि त्याच्या अर्जातले दावे, म्हणजे शोधातल्या कशावर तो हक्क सांगतो ते, शेजारी ठेवून जुळवा. तुमच्या ड्रॉइंगमधली एखादी चूक त्याच्या आकृतीत जशीच्या तशी उतरली असेल, तर याहून बोलका पुरावा नाही. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसाही भरावा लागतो.

खरी गोम त्या चार बागायतदारांत आहे. बिलं फाडून नग विकले असतील, तर ‘आधीपासून उघड वापरात’ या मुद्द्यावर त्याचा अर्ज पाडता येईल, पण तुमचं पेटंटही त्याच दगडावर आपटेल. फक्त चाचणीला दिले असतील, तर कलम २९ तुमच्या बाजूने आहे : तुमच्याकडून घेऊन परवानगीशिवाय प्रसिद्ध केलेली माहिती तुमच्या अर्जाच्या आड येत नाही. मात्र कळल्यावर शक्य तितक्या लवकर तुमचा अर्ज गेला पाहिजे.

त्याच्या अर्जाला मंजुरीआधीचा विरोध कलम २५(१) खाली, नमुना ७अ मध्ये, मुंबई पेटंट कार्यालयात करा. प्रसिद्धीपासून सहा महिने पेटंट मंजूर होत नाही. त्यानंतर कधीही होऊ शकतं. २०२४ पासून पेटंट नियंत्रक (अर्जावर निर्णय देणारे अधिकारी) आधी विरोधात प्रथमदर्शनी दम आहे का ते पाहतात, तेव्हा प्रतिज्ञापत्र आणि पुरावे पहिल्याच दिवशी जोडा. मंजुरी होऊन गेली, तर ती प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष नमुना ७ मध्ये विरोध करण्याचा मार्ग उरतो. त्यात जिंकलात तर पेटंट स्वतःच्या नावावर करून मागता येतं, कलम २६ खाली.

वकिलाकडे जाताना डायरीआधी बिलबुक काढा.