पैसा आला, पाणी का तुंबतं?

प्रश्न: नाल्यांसाठी केंद्राचा निधी आला, तरी कुर्ल्यात पाणी का भरतं?

उत्तर: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. मग मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड आराखड्यासाठी केंद्राने 2007 मध्ये 1,200 कोटी मंजूर केले. जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पाऊस पेलायचे, तेही ओहोटी असेल तर. नवे 50 साठी. मोठ्या भरतीत समुद्राचंच पाणी नाल्यात शिरतं, तेव्हा पंपांशिवाय इलाज नाही. हाजी अली, इर्ल्याला उदंचन (पंपिंग) केंद्रं झाली. कुर्ल्याला दिलासा देणारं माहुलचं मात्र मिठागराच्या जागेपायी वर्षानुवर्षं रखडलं. हेच खरं दुखणं!

आणि गाळ? तो नाल्यातून खरंच काढला का, हे बघायला माहिती अधिकारात गाळाच्या डंपरच्या वजनकाट्याच्या पावत्या मागा, डंपरचे नंबर, वेळा ताडून पाहा. नाल्यात थर्माकोल तरंगत असेल तर फोटोसह वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या.