जग बुडाल्यानंतरच्या सिनेमांत मी आधी पाणी कोण सोडतं ते बघतो

जग उद्ध्वस्त झाल्यानंतरचे सिनेमे आणि मालिका बघून उदास व्हायला होतं, मग लोक ते का बघतात आणि त्यातलं बघण्यासारखं काय, असं तुम्ही विचारलंय.

मला उदास नाही वाटत. राग येतो, तोही लिहिणाऱ्याचा. पाण्याचं, तेलाचं, विजेचं काय झालं याचा त्याने विचारच केलेला नसतो तेव्हा.

सोलापुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. इथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणं यात कुणाला नवल राहिलेलं नाही. शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या उजनी धरणातून जलवाहिनी येते. ती कुठे फुटली की पाळी आणखी पुढे जाते. तरी गल्लीत कुणी तलवारी काढत नाही. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा नंबर कुणाकडे आहे याला मात्र भाव येतो. रात्री दोनला पाणी सुटणार म्हटलं की अख्खी गल्ली जागी राहते, आणि थेट नळाला मोटर कुणी लावली यावरून वाजतं. टंचाई आली की माणसं आधी रांगा लावतात, वेळा पाठ करतात, ओळखी काढतात. मारामारी फार नंतर. बहुतेक सिनेमे ही मधली पायरी गाळून थेट कुऱ्हाडीवर येतात.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015) म्हणूनच मला आवडतो. लोक त्याला नुसता गाड्यांचा धिंगाणा समजतात. पण त्यात नीट हिशेब आहे: एका ठिकाणी पाणी, दुसरीकडे तेल, तिसरीकडे काडतुसं, आणि तिघांची देवाणघेवाण. सत्ता त्याच्यावर उभी आहे. पाण्यावर कब्जा असलेला हुकूमशहा इमॉर्टन जो उंचावरून क्षणभर पाणी सोडतो, खाली माणसं भांडी घेऊन तुटून पडतात, आणि वरून हा त्यांनाच सांगतो की पाण्याचं व्यसन लावून घेऊ नका! हे बघताना माझा मित्र थेटरात ओरडला, "काय बे, ह्यो तर आमच्या वॉर्डातलाच दिसतोय!" पुढची दहा मिनिटं आमची रांग हसत होती.

माझ्या धंद्यामुळे सगळ्यात जवळची वाटली ती 'सायलो' ही 2023 साली सुरू झालेली मालिका. जमिनीखाली 144 मजले, हजारो माणसं, लिफ्ट नाही, नुसता जिना. नायिका ज्युलिएट तळाच्या मजल्यांवरची मेकॅनिक. तिसऱ्या भागात जनरेटर बंद करून दुरुस्त करायचा असतो. वाफेचा दाब वाढत चाललेला, वर सगळीकडे अंधार, आणि ही माणसं वाकलेलं पातं सरळ करतायत. खलनायक नाही, गोळीबार नाही, तरी मी खुर्चीच्या टोकावर. चालू यंत्राची थरथर हाताला कशी लागते ते ज्याला ठाऊक आहे, त्याने तो एक भाग तरी बघाच. (पुढे मालिका गुपितं लपवण्यात जरा जास्तच रमते.)

'द लास्ट ऑफ अस' या मालिकेत बुरशीने माणसं पिसाळतात, त्याचं मला विशेष काही नाही. पण त्यातला नायक जोएल सांगतो की इतक्या वर्षांत पेट्रोल खराब झालंय, आता ते फार लांब नेत नाही, तिथे मी मान डोलावली. लिहिणाऱ्याला कळतं की पेट्रोल टिकत नाही.

'कल्की 2898 एडी' (2024) इथे आधी तेलुगूत गाजला. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे त्याची चर्चा चहाच्या टपरीवरही चालायची. कोरडी पडलेली गंगा, उरलेलं एकच शहर काशी आणि डोक्यावर तरंगणारा उलटा पिरॅमिड, ही मांडणी झकास. पण महाभारत आणि मारामारीच्या गर्दीत खालच्या काशीत माणसं दिवस कसा काढतात ते बघायला पुरेसं मिळत नाही. त्यातल्या गाडीसाठी मात्र खरोखर सहा टनांचं धूड बनवलं, त्याला सलाम. 'लैला' (2019) मालिकेतलं पाणी आणि भिंतींचं जग जास्त ओळखीचं वाटलं, आणि बघवतही नव्हतं. 'द वॉकिंग डेड'चे 11 सीझन आहेत. नवी वस्ती, नवा गुंड, पुन्हा तेच. मी मधेच सोडली.

आणि 'चिल्ड्रन ऑफ मेन' (2006). त्यातली गोष्ट 2027 सालची, 18 वर्षांत जगात एकही मूल जन्मलेलं नाही. एवढं होऊनही सुरुवातीला लोक कॉफी घ्यायला रांगेत आहेत, कामावर जातायत. मोडकळीस आलेल्या शाळेत हरीण फिरतं, त्याने मी खरा हललो. मुलं नसतील तर शाळेचं काय होईल, हा विचार लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत नेलाय. माझ्या मते या प्रकारातला हाच सगळ्यात वरचा.

तुम्हाला उदास वाटतं म्हणता, तर 'द रोड' (2009) आणि ब्रिटनमधला 'थ्रेड्स' (1984) यांना हात लावू नका. 'स्टेशन इलेव्हन'पासून सुरुवात करा. साथीत बहुतेक जग संपतं आणि उरलेल्यांतली एक मंडळी गावोगाव शेक्सपियरची नाटकं करत फिरते. दहाच भाग आहेत. पहिले दोन संथ वाटतील, तिसऱ्यापर्यंत धीर धरा. घरात लहान मुलं असतील तर 'वॉल-ई' हा ॲनिमेशनपट लावा.