क्लीट लावल्यापासून पडताय? आधी बुटाचा तळवा बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: रोडबाइकला शिमानोचे एम५२० हे बूट अडकवायचे पेडल बसवले, सोबत आलेले क्लीट (पेडलमध्ये अडकणारे धातूचे छोटे तुकडे) बुटाच्या तळव्याला लावले आणि पहिल्या पंधरवड्यातच दोनदा पडलात. एकदा डावा पाय सुटलाच नाही म्हणून डावीकडे. दुसऱ्यांदा डावा पाय वेळेत बाहेर काढला, तरी सायकल उजवीकडे गेली. क्लीट धरून ठेवणारी पेडलची स्प्रिंग 'पूर्ण सैल' केली आहे. आता परत साधे पेडल लावावेत का?

इतक्यात नको. ही दोन पडणी वेगवेगळ्या कारणांची आहेत, आणि दोन्हींवर इलाज आहे. पहिल्यात सामानाचा दोष असू शकतो, दुसऱ्यात नाही. म्हणून सुरुवात सामानापासून.

बूट उलटा करून बघा. क्लीट दोन स्क्रूंनी बसतो. त्यातला एक गळून पडला असेल किंवा दोन्ही सैल असतील, तर टाच बाहेर वळवल्यावर बूट वळतो पण क्लीट पेडलच्या जबड्यात जागच्या जागी राहतो. मग स्प्रिंग कितीही सैल असली तरी पाय सुटणार नाही. तळव्यावर क्लीटच्या कडेने अर्धगोल चकचकीत ओरखडे दिसत असतील तर तो फिरतोय हे नक्की. ४ मिमी एल-कीने (षटकोनी चावीने) दोन्ही स्क्रू काढा, आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि आलटून पालटून आवळा. टॉर्क (आवळण्याचा जोर) ५ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या एल-कीने हाताला चांगला ताण जाणवेपर्यंत. पहिल्या राइडनंतर एकदा पुन्हा आवळा, कारण क्लीटच्या खालचे दात तळव्यात रुतले की स्क्रू किंचित सैल पडतात. हे भर रस्त्यात झालं तर पेडलशी झटापट करत बसू नका. बुटाचा पट्टा सोडा, पाय बुटातून बाहेर काढा, बूट राहू दे लटकत.

आता स्प्रिंग. तुमचं पेडल दोन्ही बाजूंनी लागतं, म्हणून स्प्रिंगचा ताण ठरवणारे प्रत्येक पेडलला दोन आणि एकूण चार स्क्रू आहेत. बहुतेक जण वरून दिसणारे दोनच फिरवतात, आणि सायकल चालवताना नेमकी घट्ट बाजू वर आली की पाय अडकतो. ३ मिमी एल-की घ्या, चारही स्क्रू वजा चिन्हाच्या दिशेने शेवटपर्यंत आणा. फिरवताना टिकटिक लागते, ती मोजत चारही सारखे ठेवा. शेवट आल्यावर जोर लावून पुढे फिरवू नका, स्क्रू आतल्या पट्टीतून निसटतो आणि मग दुरुस्तीचं काम वाढतं.

चारही सैल असून पाय आत जायलाही आणि निघायलाही जड जातोय? मग बुटाच्या रबरी गुट्ट्या पेडलच्या बॉडीवर घासत असणार. नव्या एमटीबी (डोंगरी सायकलच्या) बुटांत हे फार दिसतं. क्लीटखाली पातळ स्पेसर (पट्टी) टाका, नाहीतर आड येणारं रबर कटरने तासा. आणखी एक साधं कारण म्हणजे ढिला बूट. टाच बुटाच्या आतच वळते आणि पेडलपर्यंत काही पोचत नाही. मधला पट्टा आवळून पाहा.

क्लीटवर नंबर कोरलेला असतो. पेडलसोबत साधारणपणे एसएच५१ येतो, तो फक्त आडव्या वळणाने सुटतो. एसएच५६ वेगळा विकत मिळतो, तो तिरकस झटक्याने आणि वर ओढल्यावरही सुटतो. शिकणाऱ्याने पहिले काही महिने ५६ वापरावा असं माझं मत आहे. जुने लोक नाक मुरडतात, कारण चढावर उभं राहून पेडल वर खेचलं की तो नको तेव्हा सुटू शकतो. ते खरं आहे. पण तुम्ही सध्या स्प्रिंट मारत नाही, सिग्नलला थांबताय. (एसपीडी-एसएल या शिमानोच्याच तीन स्क्रूंच्या प्रकारात असा पर्याय नाही. तिथला पिवळा क्लीट पायाला ६ अंश हलू देतो, निळा २, लाल अजिबात नाही. शिकताना पिवळाच.)

जागा ठरवताना अंगठ्याच्या मुळाचं आणि करंगळीच्या मुळाचं हाड बुटावरून चाचपून पेनाने खुणा करा. पेडलचा आस त्या दोन खुणांच्या मधोमध यावा. संभ्रम असेल तर क्लीट २-३ मिमी टाचेकडे सरकवा, पोटऱ्यांवर ताण कमी येतो. हलवण्याआधी जुन्या जागेची बाह्यरेषा मार्करने आखून ठेवा, म्हणजे गुडघा दुखू लागला तर परत जाता येईल.

आता पाय. पेडलवरून पाय निघतो तो टाच बाहेरच्या बाजूला फिरवल्यावर, आणि ती फिरवायची मांडीपासून, नुसत्या घोट्यातून नाही. घाबरल्यावर माणूस पाय वर किंवा मागे खेचतो. एसएच५१ नेमकी हीच ओढ धरून ठेवण्यासाठी बनवलेला आहे. त्यामुळे 'ऐनवेळी काढू' हा बेत कधीच यशस्वी होत नाही. पाय थांबताना काढायचा नसतो, थांबायचं ठरलं की काढायचा असतो. सिग्नल २५-३० मीटरवर असताना क्रम असा ठेवा: दोन-तीन गिअर हलके करा, डावं पेडल पूर्ण खाली आणा, टाच बाहेर फिरवा, खट् असा आवाज ऐका. सुटलेला पाय मधल्या तळव्याने पेडलवर टेकवून ठेवा. त्यानंतरच ब्रेक. मध्येच हिरवा झाला तर काय बिघडलं? तसंच पेडल मारत चौक पार करा आणि पलीकडे गेल्यावर अडकवा.

तुमचं दुसरं पडणं इथून पुढच्या टप्प्यातलं आहे. डावा पाय बाहेर आला, पण तुम्ही सीटवर बसूनच राहिलात ना? सीट योग्य उंचीवर असेल तर बसल्या जागेवरून जेमतेम चवडा जमिनीला लागतो. तो टेकवायला माणूस पाय ताणतो, जमिनीला रेटा बसतो आणि सायकल अडकलेल्या पायाकडे झुकते. तिकडे गेली की मग काहीच हातात नाही. सीट खाली करू नका, गुडघे बिघडतील. त्याऐवजी शेवटच्या दोन मीटरांत उजव्या, अडकलेल्या पायावर वजन घेऊन सीटवरून पुढे उतरा, नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा आणि सायकल डावीकडे कलू द्या. कलत नसेल तर हँडल अगदी किंचित उजवीकडे द्या. ऐकायला उलटं वाटतं, पण चाक उजवीकडे गेलं की सायकलचं वजन डावीकडे येतं. मात्र हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. चालण्याच्या वेगात तेवढ्यानेही सायकल आडवी होते. शेवटचे मीटर मागच्या ब्रेकवर काढा.

डावाच पाय का? आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे, फूटपाथचा दगडही डावीकडे, आणि तोल गेलाच तर मागून येणाऱ्या टेम्पोच्या बाजूला पडायला नको. चेनही उजवीकडे असते, पोटरीला काळं लागत नाही. तरी सराव दोन्ही पायांचा हवा, कारण सगळा रस्ता डावीकडेच उंच असतो असं नाही. पाय नेहमी उंच बाजूला टेकवावा.

सराव आधी भिंतीला धरून: उभ्या सायकलवर बसायचं, प्रत्येक पाय ५० वेळा अडकवायचा आणि काढायचा. अडकवताना चवड्याखालचा क्लीटचा पुढचा ओठ जबड्यात घालायचा, मग टाच दाबायची. खाली मान घालून पेडल शोधायची सवय इथेच मोडा. मग शाळेचं मैदान किंवा सोसायटीची रिकामी पार्किंग. एका रेषेवर थांबायचं, निघायचं, पुन्हा थांबायचं, अर्धा तास. हे दोन-तीन दिवस केलं की हात ब्रेककडे जायच्या आत टाच आपोआप वळू लागते. त्याआधी कोथरूड डेपो ते डेक्कन असल्या रस्त्यावर जाऊ नका.

निघताना उजवं पेडल घड्याळात दोन वाजलेत अशा जागी आणून ठेवा, त्यावर जोर देऊन सीटवर चढा आणि सायकल पळू लागल्यावर डावा पाय अडकवा. लागला नाही तर घाई करू नका, तसेच पेडलचे चार फेरे मारा. चौकाच्या मध्यावर पेडल शोधत वेग घालवणं हेच पडण्याचं एक मोठं कारण आहे.

घाटाचं गणित वेगळं. सिंहगडाच्या शेवटच्या चढांवर वेग ताशी ६-७ किलोमीटरवर येतो आणि पेडल थांबलं की सायकल एका सेकंदात थांबते. तिथे वेगाकडे बघू नका, पायांच्या फेऱ्यांकडे बघा. सगळ्यात हलका गिअर संपलाय आणि फेरे मिनिटाला ४०च्या खाली जाताहेत, म्हणजे आता एक पाय मोकळा करा. पुन्हा निघताना चढाच्या सरळ रेषेत निघणं अवघड जातं. गाड्या नाहीत हे बघून रस्त्याला तिरकं निघा, चढ तेवढाच सौम्य होतो. सपाटी येईपर्यंत दुसरा पाय मोकळाच राहिला तरी चालतं.

गर्दीत, खड्ड्यांच्या पट्ट्यात, कुत्री मागे लागणाऱ्या गल्लीत डावा पाय मोकळा ठेवून चालवणं यात कमीपणा काही नाही. मुंबईत तर अनेक जण शहराबाहेर पडेपर्यंत तसेच जातात.

पावसाळ्यात काळ्या मातीने क्लीटची खाच भरते. मग पाय अडकल्यासारखा वाटतो पण अर्धवट, आणि असा अर्धवट अडकलेला पाय सगळ्यात बेभरवशाचा. पेडलच्या कडेवर बूट दोनदा आपटा, बाटलीतलं पाणी मारा, काडीने उकरा. आठवड्यातून एकदा जबड्याच्या स्प्रिंगला ड्राय ल्यूबचा (धूळ न धरणाऱ्या पातळ वंगणाचा) एकेक थेंब पुरे. जाड तेल घातलंत तर धूळ चिकटते. पावसाळा संपला की क्लीटचे स्क्रू एकदा काढून ग्रीस लावाच, नाहीतर ते गंजून बसतात आणि एल-कीचा खाचा गोल होतो.

एवढं करूनही एखाद्या वेळी पडाल. सायकल कलंडतेय हे कळल्यावर हात जमिनीकडे लांब करू नका. मनगट बहुतेक त्यानेच मोडतं. हँडल धरून ठेवा, कोपर आत घ्या, मांडी आणि खांद्याची बाजू आधी टेकू दे. बहुतेक वेळा खरचटण्यावर निभावतं. आणि हात टेकला गेलाच, नंतर अंगठ्याच्या मुळाशी खोलगट जागी दाबल्यावर दुखत राहिलं, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या लहान हाडाची चीर सुरुवातीला दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, अस्थितज्ज्ञांना पुन्हा दाखवा.

उजवीकडे पडलात तर उठून लगेच पेडल मारायला लागू नका. मागून वाकून बघा, डिरेलियर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) कॅसेटला, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाला, समांतर उभा आहे की आत झुकलाय. तो ज्या हँगरवर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. वाकला असताना सगळ्यात मोठ्या चक्रीवर गिअर टाकलात तर डिरेलियर स्पोकमध्ये जाईल, आणि मग हँगर, डिरेलियर, चाक तिन्हींचा खर्च. घरी मधल्या गिअरवर या. तुम्ही एकदा उजवीकडे पडलाच आहात, तेव्हा हे आजच तपासा. मोठ्या चक्रीवर खर्र असा आवाज येत असेल तर कारण तेच.

राहिला साध्या पेडलचा प्रश्न. रोजचं ऑफिस, सिग्नलमागून सिग्नल, ८-१० किलोमीटर एवढंच चालवायचं असेल तर क्लीटचा फायदा फारसा नाही, साधे पेडल उत्तम. पण तुम्ही २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब राइडची) तयारी करताय असं लिहिलंय. साडेतेरा तासांच्या त्या मुदतीत खडबडीत रस्त्यावर पाय पेडलवर पक्का बसलेला असणं उपयोगी पडतं. दोन्ही हवं असेल तर शिमानोचा ईएच५०० पेडल बघा, एका बाजूला सपाट आणि दुसरीला क्लीट. क्लीट तुमचे आहेत तेच चालतील. बदलताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो.