क्लॅम आक्रसून का बसलाय?

प्रश्न: दादा नमस्कार, मी न्यू जर्सीला असतो, घरी ७५ गॅलनचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. चार महिन्यांपूर्वी अडीच इंचाचा निळा मॅक्सिमा क्लॅम, म्हणजे जायंट क्लॅमची एक जात, तिसऱ्यांसारखाच शिंपल्यातला जीव, आणला (आई इकडे आली होती तर म्हणते, एवढी देखणी तिसरी आणि सुकं नाही करायचं?). आता आठवडा झाला त्याची निळी मांसल झालर शिंपल्यातनं नीट बाहेरच येत नाहीये. सॅलिनिटी १.०२५, अल्कलिनिटी ६ डिग्री (dKH), नायट्रेट मात्र मस्त शून्य. आधी वाळूवर होता, मग खडकावर ठेवला, मग दुसऱ्या खडकावर. फायटोप्लँक्टनची (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींची) बाटली पण रोज घालतोय. आणि भाऊ पुण्यात टँक करतोय, त्याच्यासाठी एक छोटा आणता येईल का?

उत्तर: आईंना सांगा थोडं थांबा, हा फूटभर होऊ शकतो :) आता तुमच्या 'मस्त शून्य'बद्दल. क्लॅमच्या झालरीत बारीक शेवाळं राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि क्लॅम मुख्यतः त्याच्यावरच जगतो, पण त्या शेवाळाला खत लागतं ना, ते पाण्यातल्या अमोनिया-नायट्रेटमधनंही मिळतं. तुम्ही पाणी एवढं स्वच्छ ठेवलंय की तो उपाशी बसलाय. बाटली बंद करा, माशांना थोडं जास्त खायला घाला, नायट्रेट पाच पीपीएमच्या आसपास येऊ दे. अल्कलिनिटी ६ म्हणजे कमीच, शिंपला वाढायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही लागतात, ८ पर्यंत न्या पण सावकाश, दिवसाला अर्ध्या डिग्रीहून जास्त नको. शिंपल्याच्या कडेला पांढरी ताजी रेघ दिसली की समजायचं वाढ चालू झाली.

खरी भीती मला त्या हलवाहलवीची वाटते. मॅक्सिमा खालून दोऱ्यासारखे तंतू सोडून दगडाला धरून बसतो, तुम्ही तो ओढून उचलला असेल तर त्याचा खालचा मांसल पाय फाटला असू शकतो आणि मग वाचणं कठीण. पुढे कधी हलवायची वेळ आलीच तर तंतू ब्लेडने दगडालगत कापा. त्यापेक्षा आत्ताच खाली एक चपटा दगड सरकवून ठेवा, क्लॅमने तो धरला की दगडासकट उचलता येतो. वरच्या बाजूला, भरपूर उजेडात ठेवा आणि मग हात लावू नका. रात्री दिवे गेल्यावर टॉर्च मारून शिंपल्याचा बुडखा बघा, तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसल्या तर त्या रक्त पितात, टूथब्रशने घासून काढा. टँकमध्ये एंजल मासा असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा, झालरीचे लचके तोडायची खोड असते.

पुण्याचं विसरा. मॅक्सिमा आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिवाय सगळेच जायंट क्लॅम साइटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतात, देशाबाहेर न्यायला परमिट लागतं, फार्मवर वाढवलेला असला तरी. बॅगेत घालून आणायची गोष्ट नाही ही, भावाला म्हणावं क्लाउनफिश पाळ.