फ्लॅशकार्ड नको, बाळाशी बोला

बाळाच्या ब्रेनसाठी काय विकत घेऊ असं विचारलंत, तर माझं स्पष्ट मत, काहीच नको. पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींमध्ये दर सेकंदाला 10 लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात, त्यातल्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या हळूहळू गळतात. म्हणून बाळानं हुंकार दिला ना, की त्याच्या डोळ्यांत बघून तसाच आवाज काढायचा आणि मग गप्प बसून त्याची पाळी येऊ द्यायची, ते पाय झाडेल, ओठ हलवेल, वेळ लागतो त्याला, घाई करू नका. डायपर बदलतानाही होतं हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना बाळासमोर थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं, तर बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला बोलवत राहिली आणि मग रडकुंडीला आली. पण दर वेळी जमलंच पाहिजे असं अजिबात नाही हां, चांगल्या नात्यातही बऱ्याचदा सूर जुळत नाही, परत जवळ घेतलंत की झालं. वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, डब्ल्यूएचओनंही 2019 मध्ये तेच सांगितलंय. आणि तुम्हालाच सतत रडू येत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, प्लीज.