वाचक विचारतात : उंच केलेल्या जीपचा शाफ्ट

प्रश्न : जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. पाटे (लीफ स्प्रिंग) ॲक्सलच्या हौसिंगच्या वर घेऊन गाडी चार इंच उंच केली. मेकॅनिकने मागे ४ अंशांची पाचर टाकून पिनियनचं (शाफ्टचा जोर ॲक्सलमध्ये नेणाऱ्या दातेरी दांड्याचं) तोंड ट्रान्सफर केसकडे (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टना वाटणाऱ्या पेटीकडे) वळवलं. आता ताशी ४५च्या पुढे फरशीखाली घरघर येते. शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) दोनदा बदलले, शाफ्ट बॅलन्स केला, फरक नाही. (सातारा)

उत्तर : क्रॉस बिचारे निर्दोष आहेत, गडबड पाचरीची आहे. पिनियन ट्रान्सफर केसकडे रोखायचा तो शाफ्टच्या वरच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस एकत्र असलेला सांधा) असेल तेव्हाच. तुमच्या शाफ्टला दोन्ही टोकांना साधा क्रॉस आहे. असा क्रॉस कोनात फिरला की प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तर हा चढउतार तिथे फिटतो. म्हणून ट्रान्सफर केसचा आउटपुट (बाहेर येणारा दांडा) आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत.

गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी करून डिजिटल अँगल गेजने तीन कोन घ्या : आउटपुट, शाफ्टची नळी, पिनियन. गाडी जॅकवर टांगून घेतलेली मापं निरुपयोगी. समजा आउटपुट मागे ३ अंश उतरता, नळी ११ अंश आणि पिनियन ७ अंश आहे. मग वरच्या क्रॉसचा कोन ८, खालच्याचा फक्त ४. दोन्हींतला फरक १ अंशाच्या आत हवा. पाचर काढली की पिनियन ३वर येईल. तो २वर ठेवलात तर उत्तमच, कारण जोर लागला की पाटे पिळवटतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं.

एवढ्यानं कोन जुळतील, पण ८ अंश मुळातच जास्त आहेत. २८ इंची टायर आणि ५.३८ गुणोत्तराचा क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी जोडी) असेल तर ताशी ६०ला शाफ्ट मिनिटाला साधारण २४०० फेरे मारतो. त्या वेगाला क्रॉसचा कोन ७ अंशांच्या आत हवा. त्यासाठी ट्रान्सफर केसखालचा क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) २५ मिमी खाली घ्या. इंजिन माउंटपासून अंतर मीटरभर आणि शाफ्ट अर्ध्या मीटरचा धरला, तर आउटपुटचा उतार सुमारे दीड अंश वाढतो आणि शाफ्टचा जवळपास तीन अंश कमी होतो. आठाचे साडेतीन-चार होतात! पंखा रेडिएटरला किंवा सायलेन्सरचा पाइप चासीला घासत नाही ना, ते पाहा आणि पिनियन पुन्हा मोजा. त्यालाही आता आउटपुटच्या नव्या उताराइतकं वर यावं लागेल. त्यासाठी पाचर लागलीच तर पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची चिरडते. पाटे हौसिंगच्या वर असताना पिनियन उचलायला जाड बाजू मागे येते, पाटे खाली असताना पुढे. इथे बरेच जण उलटी बसवतात. कोन पक्का ठरल्यावर स्प्रिंग सीटच (हौसिंगवरची पाट्यांची बैठक) त्या कोनात वेल्ड करून घेणं अधिक चांगलं.

प्रश्न : पुढचा पिनियनही वर वळवू का?

उत्तर : नको. हौसिंग फिरलं की किंगपिनही (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) फिरतात, कॅस्टर (त्यांचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग भरकटतं आणि वळणानंतर सरळ येत नाही. पुढे कॅस्टर आधी सांभाळा. फ्रीव्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे हब) बसवा, म्हणजे रस्त्यावर पुढचा शाफ्ट थांबलेलाच राहील. चिखलात लो गिअरमध्ये थोडी थरथर चालते.

प्रश्न : लेथवर शाफ्ट लांब करून घेतला, तेव्हापासून हादरे. कोन बरोबर आहेत.

उत्तर : नळीच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आहेत का ते पाहा. वेल्ड करताना ते फिरतात, किंवा स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) जोडताना त्याची दातेरी स्प्लाइन एक-दोन दाते चुकते. उघडण्याआधी पंचने खूण करून ठेवावी. चाकं पूर्ण लटकवून स्प्लाइन निदान ५० मिमी आत उरते का आणि शाफ्ट हाताने फिरवताना योक कुठे अडकतो का, हेही बघा. अडकत असेल तर खड्ड्यात क्रॉस तुटणारच.