स्पोर्ट मोडला टाकलं की बूस्ट खरंच वाढतं का?

या वेळी ड्रायव्हिंग मोडबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. नावं छापत नाही, गावं तेवढी देतो. आधी एक शब्द: टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आणि त्याने बाहेरच्या हवेच्या वर घातलेला दाब म्हणजे बूस्ट.

प्रश्न (पुणे): नमस्कार दादा, वर्षभरापूर्वी मी सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ घेतली. ओबीडीचं (गाडीतली माहिती वाचायच्या सॉकेटचं) ते छोटं ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर बघतो तर इकोमध्ये अर्धी रेस दिली की १३० च्या आसपास आकडा दिसतो आणि तेवढीच रेस स्पोर्टला दिली की १९० च्या वर जातो. म्हणजे स्पोर्टमध्ये गाडी जास्त बूस्ट देते ना? मित्र म्हणतात इकोमध्ये ही गाडी दोनशे पीएसचीच (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) राहते. खरं काय?

उत्तर: आकडे तुम्ही बरोबर वाचलेत, अर्थ मात्र वेगळा आहे, आणि हा घोळ इतक्या जणांचा होतो की जरा नीट सांगतो.

आधी तो आकडा समजून घ्या. ते यंत्र दाखवतं तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला एकूण दाब, किलोपास्कलमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरलेला असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१, पुणे ५६० मीटरवर असल्यामुळे तिथे ९५ च्या आसपास. म्हणजे तुमचे १३० म्हणजे टर्बोने वर घातलेले फक्त ३५, सोप्या भाषेत ०.३५ बार बूस्ट (१०० किलोपास्कल म्हणजे १ बार), आणि १९० म्हणजे ०.९५ बार. फरक मोठाच आहे, पण तो मोडने टर्बोला जास्त ताकद दिली म्हणून नाही, तुमच्या अर्ध्या पेडलचा अर्थ मोडने बदलला म्हणून आहे.

पूर्वी पेडलपासून केबल निघायची ती थेट थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या पाकळीला, जेवढा पाय तेवढं उघडणार. आता पेडलखाली नुसता सेन्सर असतो, तो इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो की पाय इतके टक्के खाली आहे, आणि इसीयू ठरवतो की या माणसाला किती टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर हवाय (तो एनएममध्ये, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात). उदाहरणापुरतं समजा, इकोमध्ये अर्ध्या पेडलला तो म्हणतो १५० एनएम पुरे आणि स्पोर्टमध्ये त्याच अर्ध्या पेडलला म्हणतो २८० एनएम द्या. एकदा टॉर्क ठरला की मग थ्रॉटल किती उघडायचा, वेस्टगेट (गॅसला टर्बाइन टाळून बाहेर सोडणारी झडप) किती बंद करून एक्झॉस्टचा गॅस टर्बाइनवर सोडायचा, पेट्रोल किती, स्पार्क कधी, हे सगळं त्या मागणीच्या मागून येतं, बूस्टसुद्धा. म्हणून अर्ध्या पायाने दोन मोडची तुलना केली की स्पोर्ट दरवेळी जिंकणार, आणि त्यातून इंजिनची ताकद किती ते काहीच कळणार नाही.

आता खरी परीक्षा. गिअरबॉक्स मॅन्युअलला घ्या, तिसरा गिअर, २००० आरपीएमपासून रेस पूर्ण दाबायची आणि ५५०० पर्यंत तशीच धरायची, पण पेडलच्या तळाशी जो टक्क असा खटका लागतो त्याच्या जरा अलीकडे थांबायचं नाहीतर डीएसजी, म्हणजे तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, गिअर खाली टाकेल. एकदा इको, एकदा स्पोर्ट. हे एक्सप्रेसवेवर करू नका, १०० ची मर्यादा आहे आणि तिसऱ्या गिअरमध्ये तुम्ही बघता बघता तिच्या पार जाल, ट्रॅक डेला नाहीतर डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा. बहुतेक टर्बो गाड्यांत पूर्ण रेसला दोन्ही मोडच्या ग्राफवरच्या रेघा जवळपास एकमेकींवर बसतात, तुमच्या गाडीतही तेच दिसायला हवं, कारण कंपनीने सांगितलेले २४५ पीएस आणि ३७० एनएम हे इंजिनचे आकडे आहेत, मोडचे नाहीत. आणि एक, साध्या अॅपमध्ये हा आकडा एका बाइटमधून येतो म्हणून २५५ च्या वर तो जाऊच शकत नाही, तिथे अडकलेला दिसला तर बूस्ट तिथेच थांबलं असं समजू नका.

डायनोची एक गोष्ट सांगतो. एका ओळखीच्या गॅरेजात एका टर्बो हॅचबॅकला पट्ट्यांनी बांधून आम्ही असंच बघत होतो, पुढे मोठा पंखा लावलेला, एप्रिलचं ऊन पत्र्यावर. पहिला रन इको, दुसरा स्पोर्ट, रेघा एकमेकींवर. मालकाला पटेना, म्हणाला परत घ्या स्पोर्ट. घेतला, तर या वेळी स्पोर्टची रेघ इकोच्याही खाली आली! बॉनेट उघडून इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपला हात लावला तर हात ठेववेना. आत जाणारी हवा तापली होती, गरम हवा विरळ असते आणि तिच्यामुळे नॉकिंगची (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकण्याची) भीती म्हणून इसीयूने स्पार्क मागे घेतला, बस. मोडच्या बटणापेक्षा त्या दिवशी उन्हाने जास्त पॉवर खाल्ली. तेव्हापासून मोडच्या तुलनेचा कुणी ग्राफ दाखवला की मी आधी विचारतो, रन कुठल्या क्रमाने घेतले आणि मध्ये गाडी किती वेळ थंड केली.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे मोडने पॉवर कधीच बदलत नाही असं समजायचं का? मग कंपन्या ओव्हरबूस्ट ओव्हरबूस्ट म्हणतात ते काय?

उत्तर: नाही रे, तसं लिहून ठेवू नकोस. बहुतेक गाड्यांत बदलत नाही, पण काहींत खरोखर बदलते आणि त्या मुद्दाम तशा बनवलेल्या असतात.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण फियाटच्या ५०० अबार्थचं, २००८ ची, १.४ लिटर टर्बो, १३५ हॉर्सपॉवर. डॅशबोर्डवर स्पोर्टचं बटण. ते न दाबता जास्तीत जास्त टॉर्क १८० एनएम, दाबलं की २०६. पॉवर दोन्हीकडे तीच, बूस्ट मधल्या आरपीएमला वाढतं म्हणून टॉर्क वाढतो. दुसरं पोर्शाचं, २००६ ची ९११ टर्बो, आतल्या लोकांच्या भाषेत ९९७. स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतलेलं असेल, स्पोर्टचं बटण दाबलेलं असेल आणि रेस पूर्ण असेल तर दहा सेकंदांपर्यंत बूस्ट ०.२ बारने चढायचं (हाच तो ओव्हरबूस्ट) आणि टॉर्क ६२० वरून ६८० एनएम व्हायचा. दहाच सेकंद का, तर जास्तीच्या दाबाबरोबर जास्तीची उष्णता येते, ती इंटरकूलर, पिस्टन, गिअरबॉक्स सगळ्यांनी सोसायची असते आणि थोडा वेळ सोसणं नि कायम सोसणं यात खूप फरक आहे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, रिमॅप करणारे, म्हणजे इसीयूचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवून देणारे, तो सांगत नाहीत.

उलट्या दिशेचं पण बघ. मर्सिडीजच्या एएमजी गाड्यांत स्लिपरी नावाचा मोड आहे, तो ओल्या किंवा बर्फाच्या रस्त्यासाठी पॉवर कमी करतो आणि टॉर्कची रेघ सपाट ठेवतो म्हणजे चाकं अचानक सुटत नाहीत. आणि हे फक्त टर्बोचंच नाही, बीएमडब्ल्यूची व्ही१० वाली ई६० एम५ विना टर्बोची होती तरी सुरू केली की ४०० हॉर्सपॉवरवर असायची, एमचं बटण दाबलं की ५०७. तिथे फरक टर्बोचा नाही, थ्रॉटल किती उघडू द्यायचा त्याचा.

अजून एक तुझ्या कामाचं. फेरारीच्या ४८८ जीटीबीला ७६० एनएम टॉर्क आहे असं सगळे पाठ म्हणतात पण तो पूर्ण फक्त सातव्या गिअरमध्ये मिळतो. खालच्या गिअरमध्ये बूस्ट मुद्दाम दाबून धरलेलं असतं आणि गिअर वर जाईल तसा टॉर्क मोकळा होत जातो. फायदा दोन, मागची चाकं सुटत नाहीत आणि आरपीएमबरोबर जोर चढत जातो त्यामुळे टर्बो असूनही इंजिन विना टर्बोचं असल्यासारखं वरपर्यंत ओढतं. म्हणजे बूस्ट किती हे नुसत्या मोडवर नाही, गिअरवरसुद्धा ठरतं.

आणि याचं मूळ बघायचं तर १९८० च्या दशकातल्या दीड लिटरच्या टर्बो फॉर्म्युला वन गाड्यांकडे जा. कॉकपिटमध्ये चक्क बूस्टचा नॉब असायचा, ड्रायव्हर ओव्हरटेक करताना तो फिरवायचा आणि पेट्रोल पुरवायचं असेल तेव्हा परत खाली आणायचा. शेवटी १९८७ ला ४ बार आणि १९८८ ला २.५ बार अशी मर्यादा घातली गेली आणि १९८९ ते २०१३ टर्बोच बंद. मला विचारशील तर खरा ड्रायव्हिंग मोड तोच होता.

प्रश्न (न्यू जर्सी): नमस्कार, मूळचा सांगलीचा. इकडे माझ्याकडे ह्युंदाईची एलांट्रा एन आहे, ऑटोमॅटिक. स्टिअरिंगवर एनजीएसचं लाल बटण आहे, दाबलं की वीस सेकंद गाडी पिसाळते. एवढा फरक १० हॉर्सपॉवरने कसा पडतो?

उत्तर: पडत नाही, तुमची शंका रास्त आहे. तिकडच्या मापाने २७६ चे २८६ होतात, चार टक्केसुद्धा वाढ नाही, ती डोळे मिटून ओळखता येणार नाही. तुम्हाला जाणवतं ते गिअरबॉक्सचं काम. बटण दाबताच तो गिअर खाली टाकतो, आरपीएम उंचावर धरून ठेवतो आणि तिथे एक्झॉस्टचा गॅस भरपूर असल्यामुळे टर्बाइन आधीच वेगात फिरत असतो, म्हणून रेस दिली की वाट बघावी लागत नाही. स्पोर्ट मोडचा नव्वद टक्के आनंद मला तरी यातच वाटतो, बूस्ट किती यात नाही, किती लवकर येतं यात.

यावर पोर्शाने २०१६ च्या ९११ टर्बोत फार सुंदर काम केलंय. साध्या गाडीत वळणाआधी पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, टर्बोने दाबलेली हवा त्या बंद पाकळीवर आपटते, बायपास व्हॉल्व्ह ती सोडून देतो आणि सगळा दाब जातो, वळणातून बाहेर पडताना परत शून्यापासून भरायचं. पोर्शाने काय केलं, पाय काढल्यावर थ्रॉटल उघडाच ठेवला आणि फक्त पेट्रोल तोडलं. हवा वाहत राहते, टर्बोचा वेग फारसा पडत नाही, परत रेस दिली की दाब तिथेच उभा. कमाल आकडा एकाने वाढला नाही, तरी वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी दुसरीच वाटते.

प्रश्न (सातारा): महाबळेश्वरला चढताना टर्बो गाडीची पॉवर कमी होते का? स्पोर्ट लावला तर भरून निघते का?

उत्तर: महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्के कमी. विना टर्बोची गाडी तेवढी पॉवर जवळजवळ सरळ गमावते. टर्बोवाली मॅनिफोल्डमधला एकूण दाब तोच ठेवायला बघते, समजा २३० हवा असेल तर पुण्यात टर्बोने १३५ घालायचा तो महाबळेश्वरला १४४ घालायचा, म्हणजे टर्बो थोडा जास्त फिरतो, लॅग (रेस दिल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा वेळ) जरासा वाढतो पण पॉवर बरीचशी टिकते. हे काम इसीयू कुठल्याही मोडमध्ये करतो. घाटात स्पोर्ट लावा जरूर, पण गिअर लवकर वर जाऊ नये म्हणून.

प्रश्न (कोल्हापूर): मी रोज ऑफिसला टर्बो पेट्रोल गाडीने जाते. नेहमी स्पोर्टमध्येच चालवते, मजा येते. मेकॅनिक म्हणतो ताई टर्बो लवकर जाईल. खरं आहे का?

उत्तर: नुसत्या मोडने टर्बो जात नाही ताई, बिनधास्त चालवा, पेट्रोल थोडं जास्त लागेल एवढंच. टर्बोला त्रास होतो तो थंड तेलावर जोरात रेस दिल्याने, आणि सकाळी घाईत आपण नेमकं तेच करतो. पहिले पाच-सात किलोमीटर नॉर्मलला ठेवा, तेलाचं तापमान दिसत असेल तर ८० अंश होऊ द्या, मग स्पोर्ट. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ९५ ऑक्टेन लिहिलं असेल तर तेच भरा, कमी ऑक्टेनवर इसीयू नॉकिंग टाळायला ताकद कमी करत राहतो आणि मग स्पोर्ट लावूनही गाडी जड वाटते. जोरात चालवून आलात तर शेवटचा एक-दोन किलोमीटर हळू या. आणि गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून पंपाचा किंवा पंख्याचा घुर्र आवाज काही मिनिटं येत राहिला तर घाबरू नका, टर्बोभोवतीचं पाणी फिरवून तो थंड केला जातोय, होऊ द्या.